पोरगं इंजिनीअर होणार, पण कोणता? औरंगपुऱ्यातल्या झेडपीच्या इमारतीत सगळ्या पायऱ्या दिसतात

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर : दहावी-बारावीचे निकाल लागले की औरंगपुऱ्यातली पुस्तकांची दुकानं सकाळीच गजबजतात. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोडकडून आलेले बाप-लेक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरताना दिसतात. कुणाच्या हातात सीईटीचं पुस्तक, कुणाच्या हातात कनिष्ठ अभियंता भरतीचा प्रश्नसंच. विचारलं तर बापाचं उत्तर ठरलेलं असतं, "पोराला इंजिनीअर करायचंय." कोणता इंजिनीअर, कोणत्या कामासाठी, असं पुढं विचारलं की बाप पोराकडं बघतो आणि पोरगं मोबाईलकडं.

याच औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेचं मुख्यालय आहे. गावाकडचा माणूस इथं बिलासाठी, विहिरीच्या फाइलीसाठी, रस्त्याच्या अर्जासाठी चकरा मारतो. पण इंजिनीअरिंगमधल्या जवळपास सगळ्या पायऱ्या याच एका यंत्रणेत बघायला मिळतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांसाठी १९ हजार ४६० पदांची भरती निघाली. त्या यादीत जोडारी होता, तारतंत्री होता, कनिष्ठ आरेखक होता, स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक होता आणि कनिष्ठ अभियंताही होता. जोडारी म्हणजे आपला फिटर आणि तारतंत्री म्हणजे वायरमन. तांत्रिक कामाच्या या पाच जागांना शिक्षण वेगवेगळं लागतं आणि पगारही वेगवेगळा मिळतो. डिग्रीची सक्ती यातल्या एकाही जागेला नाही.

कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) हे पद बघा. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं, शाळाखोलीचं, पाण्याच्या टाकीचं माप घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करणारा तो हाच. एमबी झाल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणून सरपंच ज्याच्या मागं फिरतो तो जेई. या जागेला किमान पात्रता सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. मूळ वेतन ३८ हजार ६०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता वेगळा. त्याच्या खालची पायरी स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकाची. तिला दहावीनंतरचा एक वर्षाचा बांधकामाचा अभ्यासक्रम हा मूळ रस्ता आहे आणि वेतन २५ हजार ५०० पासून. जेईच्या वर तालुक्याला उपअभियंता आणि जिल्ह्याला कार्यकारी अभियंता. जेई अनुभव आणि ज्येष्ठतेनं वर चढतो. थेट वरच्या पायरीवर बसायचं असेल तर लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यावी लागते, आणि तिथं मात्र डिग्रीच लागते.

म्हणजे डिग्री निरुपयोगी नाही. पण तिचा खरा उपयोग कुठल्या दारावर होतो, हे न बघता गावाकडं ती घेतली जाते. घर आधी डिग्री ठरवतं, मग कॉलेज आणि नोकरी सगळ्यात शेवटी. उलटं करून बघायला पाहिजे. पद आधी बघायचं, त्या पदाची जाहिरात वाचायची आणि मग कागद कोणता लागतो ते ठरवायचं.

सहा वर्षं दोन्हीकडून सारखीच

बऱ्याच पालकांना एक साधा हिशेब कुणी सांगितलेलाच नसतो. दहावीनंतर अकरावी-बारावी दोन वर्षं आणि डिग्री चार वर्षं, मिळून सहा. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षं आणि त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन वर्षं, तेही मिळून सहा. शेवटी हातात येणारी डिग्री एकच. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेनं गेलेल्या पोराच्या हातात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी डिप्लोमाचा कागद असतो. घरात अडचण आली, पाऊस दगा देऊन गेला, बापाचं आजारपण निघालं, तर तो तिथं थांबून कामाला लागू शकतो. बारावीवर थांबलेल्या पोराकडं असा विकायला कागद नसतो.

आयटीआयवाल्यालाही वाट बंद नाही. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथून पुढं डिग्री. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षं. म्हणजे एकच वर्ष जास्त, पण वाटेत दोन ठिकाणी कमवायची सोय.

मग सगळ्यांनी डिप्लोमाच करावा का? तसंही नाही. ज्याचं गणित, विज्ञान पक्कं आहे, ज्याला आयआयटीची जेईई द्यायची आहे, एनडीएला जायचंय किंवा मेडिकलचा विचार आहे, त्यानं अकरावी-बारावीच धरावी. डिप्लोमाला गेलं की त्यातली बहुतेक दारं मिटतात. सोळाव्या वर्षी पोराचा कल ठरलेला नसेल तर बारावी दोन वर्षांची सवड देते, हे खरं. पण सवड म्हणून घेतलेल्या त्या दोन वर्षांत शहरात खोली, क्लास आणि मेस यावर जो खर्च होतो, त्यात डिप्लोमाची तिन्ही वर्षं निघून जातात, हेही तितकंच खरं.

डिप्लोमाकडून डिग्रीला गेलेल्यांची एक अडचण आहे आणि ती कुणी उघडपणे सांगत नाही. थेट दुसऱ्या वर्षात बसल्यावर समोर येतं ते गणित. बारावीवाल्यांनी कलनशास्त्र अकरावी-बारावीत केलेलं असतं, पहिल्या वर्षात पुन्हा घोटलेलं असतं. डिप्लोमावाल्याचा वर्कशॉपमधला हात चांगला असतो, पण पहिल्याच सत्रात गणितात दांडी उडते. ज्याला पुढं डिग्री करायची आहे त्यानं डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापासूनच गणिताला रोज तासभर दिला तर ही अडचण राहत नाही. दुसरं म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर होतो. किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. एवढ्यावर कुठंतरी प्रवेश मिळेल, पण उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकीत नाही. तिथं चुरस मोठी असते.

उस्मानपुऱ्याचं नाव निघालंच आहे तर, शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही संस्था तिथंच आहेत. तंत्रनिकेतन १९५५ चं, अभियांत्रिकी १९६० चं. मराठवाड्यात पाटबंधारे, बांधकाम आणि वीज खात्यात काम केलेल्या कितीतरी अभियंत्यांचं शिक्षण या दोन आवारांत झालं. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी नाही. किमान ३५ टक्के म्हणजे दहावी पास एवढीच अट असली तरी शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळायला गुण बरेच लागतात. मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजीची धास्ती असते. तंत्रशिक्षण मंडळानं २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय दिला आहे. तो कोणत्या संस्थेत चालू आहे, ते प्रवेशाच्या आधी विचारून घ्यावं.

कंपनीच्या गेटवर काय विचारतात

सरकारी जागा मोजक्या. जिल्ह्यातल्या बहुतेक पोरांना पोट भरायला शेवटी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा बिडकीनच गाठावं लागतं. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्यामागं सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले. २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करची सुमारे २० हजार कोटींची आणि एथरची सुमारे २ हजार कोटींची घोषणा झाली. बिडकीन भागातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, त्यांच्या घरातला प्रश्न सरळ आहे. कारखाना आला तर आपल्या पोराला गेटच्या आत कोणतं काम मिळणार? मशीनवरचं, की गेटवरच्या वॉचमनचं?

कारखान्यातली उतरंड अशी असते. आयटीआयवाला मशीन चालवतो, जोडणी करतो, वेल्डिंग करतो. डिप्लोमावाला लाइनवर सुपरवायझर होतो, मेंटेनन्सला लागतो किंवा क्वालिटीत तपासणी करतो. डिग्रीवाल्यानं डिझाइन, प्रक्रिया, नियोजन बघावं अशी अपेक्षा. मोठ्या कंपन्या डिप्लोमावाल्याला डिप्लोमा ट्रेनी आणि डिग्रीवाल्याला ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून वेगळं घेतात. लहान कारखान्यात मात्र असा भेद राहत नाही. तिथं डिग्रीवाला आणि डिप्लोमावाला एकाच लाइनवर, जवळपास एकाच पगारावर उभे असतात. वयात तीन वर्षांचा फरक आणि डिग्रीवाल्याच्या डोक्यावर बहुधा शिक्षणाचं कर्ज. डिग्री घेऊन आठ-दहा महिन्यांत परत आलेली पोरं अशाच ठिकाणांहून आलेली असतात. काम कमीपणाचं नसतं. चार वर्षांचा खर्च आणि हातात पडणारा पगार यांचा मेळ बसत नाही म्हणून ती परततात.

शिकाऊ उमेदवारीचं असंच. १९६१ च्या कायद्याखाली ती चालते. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं ते आयटीआयला ७ हजार, डिप्लोमाला ८ हजार आणि डिग्रीला ९ हजार. बघा, पायरीगणिक फरक हजाराचा. पण ही उमेदवारी नाकारू नये. मशीनवर एक वर्ष हात बसला की पुढच्या मुलाखतीत तेच विचारतात. कंत्राटदाराकडून घेतलेली 'ट्रेनी'ची नोकरी आणि कायद्याखालची नोंदणी झालेली उमेदवारी यात फरक आहे. दुसरीचं प्रमाणपत्र मिळतं, पहिलीचं बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूल रूमची माहिती गावाकडं फारशी पोचलेली नाही. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ही संस्था. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तिथं होतो. साचे बनवणं हे हाताचं आणि डोक्याचं दोन्हीचं काम, आणि असा माणूस प्रत्येक सुट्या भागाच्या कारखान्याला लागतो. तिचा प्रवेश नेहमीच्या प्रवेशप्रक्रियेबाहेर, वेगळ्या परीक्षेनं होतो. म्हणून कॉलेजांची यादी बघणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते.

शाखेबद्दल थोडंच. सध्या सगळा लोंढा कॉम्प्युटर आणि एआयकडं आहे. सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा कितीतरी कॉलेजांत रिकाम्या राहतात. पण झेडपीतला, बांधकाम खात्यातला, जलसंपदातला जेई हा बहुतेक वेळा सिव्हिलवाला असतो. सार्वजनिक बांधकाम विभागानं २०२३ मध्ये २ हजार १०९ पदं काढली. त्यात स्थापत्य सहाय्यकाची १ हजार ३७८ आणि स्थापत्याच्या कनिष्ठ अभियंत्याची ५३२ होती. कॉम्प्युटरवाल्याला या जागांना अर्जच करता येत नाही. शेतीची आवड असलेल्याला कृषी अभियांत्रिकीही आहे. परभणी आणि राहुरीच्या विद्यापीठांत ती शिकवतात. ठिबक, अवजारं, गोदाम, मृदसंधारण हे सगळं त्यात येतं.

जास्त शिकलं म्हणजे पात्रच, असं नाही

ही गोष्ट अनेकांना पटत नाही. महावितरणच्या विद्युत सहायकाला दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो. पहिली तीन वर्षं मानधन, २०२३ च्या जाहिरातीत ते महिना १५, १६ आणि १७ हजार होतं. त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून कायम. घरात पोरगं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून बसलेलं असतं आणि बाप म्हणतो, "तू तर जास्त शिकलास, मग भर की अर्ज." आयटीआय नसेल तर तो अर्ज टिकत नाही. असंच एक प्रकरण जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यातल्या तंत्रज्ञ पदांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. जागेला आयटीआय मागितला होता, डिप्लोमावाल्यांनी दावा केला. २०१८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की पदाला कोणती पात्रता हवी हे नेमणूक करणाऱ्यानं ठरवायचं, डिप्लोमा वरचा आहे म्हणून आयटीआय आपोआप त्यात धरला जाणार नाही. म्हणून जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद पोरानं स्वतः, शब्दन् शब्द वाचला पाहिजे. व्हॉट्सअॅपवर फिरणारं जाहिरातीचं पोस्टर पुरेसं नाही.

आणि भरतीवरच सगळं लावून बसू नये, त्यालाही कारण आहे. मृद व जलसंधारण विभागाची ६७० पदांची परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, अमरावतीच्या केंद्रावर गैरप्रकार उघड झाला, परीक्षा रद्द झाली आणि जुलैमध्ये पुन्हा घ्यावी लागली. शहरात खोली करून राहिलेल्या पोरांचं भाडं आणि मेसचे तेवढे महिने बापाच्याच खिशातून गेले. अभ्यास चालू ठेवावा, पण सोबत काम धरून. सिव्हिल झालेला पोरगा रोजगार हमीच्या विहिरींची मापं घेणारा कंत्राटी तांत्रिक सहाय्यक होऊ शकतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून ठेकेदारीही करता येते. लहान सरकारी कामांत ३३ टक्के वाटा या अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, अशी वाटणी आहे. पण थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले होते, हे ठाऊक असूनच त्यात उतरावं. पदरी भांडवल नसलेल्या पोराला दोन वर्षं अडकलेलं बिल उठू देत नाही.

पैशाचं

समजा खासगी कॉलेजची फी वर्षाला लाखभर आणि राहणं-खाणं साठ-सत्तर हजार. चार वर्षांत साडेसहा-सात लाख होतात. गावात यासाठी एकरभर रान विकल्याचं किंवा सावकाराकडं गहाण टाकल्याचं ऐकू येतं. त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच आणि ती महत्त्वाची, प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. एजंटानं व्यवस्थापन कोट्यातून 'सीट पक्की' करून दिली की हा लाभ गेला. एजंट हे सांगत नाही. त्याला कॉलेजकडून मिळायचं ते मिळालेलं असतं.

दुसरी, शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेचं पाठबळ आहे, त्यासाठी जमीन तारण मागायची गरज नसते. शाखेत तोंडी नकार मिळाला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करावा, म्हणजे नोंद राहते.

कॅपचे पर्याय भरताना एक बदल ध्यानात ठेवायला हवा. डिग्रीसाठी २०२५-२६ पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळालं तरी तसंच. त्यामुळं नेटकॅफेवाल्याला "तूच भर काहीतरी" म्हणून यादी सोपवली आणि त्यानं वरच्या क्रमांकावर भलतंच कॉलेज टाकलं, तर ते गळ्यात पडतं. घरी बसून, कागदावर क्रम लिहून, मग अर्ज भरायला जावं.

कागदपत्रांची रांग मात्र आत्तापासूनच लावावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणी. जूनमध्ये तहसीलच्या सेतू केंद्रावर गर्दी उसळते, त्यात सर्व्हर बंद पडतो. जात पडताळणीला तर महिने लागतात. डिप्लोमाला जाणाऱ्यांनी तो अर्ज पहिल्याच वर्षी करून टाकावा. तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घेताना तोच कागद पुन्हा मागतात.